टेकडी मी घेतली

मु. खेडी, धरणगावजवळ
सन १९४९

तीर्थरूप कौतिकभाऊला धाकट्या भिकूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. जळगावात तू, वहिनी, पोरं बरी असाल. वहिनीचा खोकला गेला का? आमच्या सुनंदाला दात आले. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण बरी नाही.

भाऊ, तुझे पाव्हणे, म्हणजे आमचे हे, काश्मीरच्या लढाईवरून पुढच्या सोमवारी सुखरूप येताहेत, आणि मी चुलीमागे तोंड लपवून बसते. सांगायची लाज वाटते, तरी सांगते. गेल्या साली त्यांचं पत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटी (दुसरीपर्यंत शाळेत तूच बसवलंस, घोळ तिथूनच सुरू). ओसरीवर सासूबाई, शेजारची सुंदरबाई, बठ्ठी गल्ली, झाडून सगळी, गोळा. पत्रात काय? तर हे लिहितात, मी पलटणीच्या भटारखान्यात आहे, दोनशे माणसांच्या रोट्या भाजतो. आता ज्या माणसाने घरी कधी चुलीत काडी घातली नाही, तो रोट्या भाजतो असं बायांपुढे कसं वाचू? सुंदरबाईचा नवरा नुसता पोलिसात, तर ती केवढी मिरवते. मी घाबरले आणि वाचून टाकलं, की यांनी एकट्याने शत्रूची टेकडी घेतली. (टेकडी केवढी असते तेही मला ठाऊक नाही. आपलं सगळं रान सपाट.)

आता सरकारचा कागद आलाय, परतणाऱ्या जवानांचा सत्कार करा. शालिग्राम नाना पुढारी. केळीचे खांब, कमान, मामलेदारसाहेब येणार. चावडीपुढे कडब्याची गंजी रचून टेकडी केली, आणि वना पैलवान रोज सांजच्याला ती घेऊन दाखवतो. काल वरून पडला, गुडघा फुटला. माझ्या थापेपायी त्याचं रक्त सांडलं रे. गुरुजी म्हणाले, ते पत्र द्या, सभेत वाचू. मी म्हटलं, वासराने खाल्लं. (नंतर वासराला चारलंही. उगाच खोटं कशाला?) नाना म्हणे, "काही हरकत नही, जवान सोता सांगीन!" आणि यांना तर खोटं बोलताच येत नाही. मामलेदारापुढे म्हणतील, कसली टेकडी? मग मी पोर घेऊन कुठे जाऊ?

तुझी खोटारडी बहीण,
भिकू

ता.क. खरं काम हे. ते जळगावला गाडी बदलतात. तू स्टेशनावर जा आणि त्यांनी काय पराक्रम केला तो त्यांना नीट समजावून सांग. पहाटेची वेळ, समोर बारा शत्रू. (सुंदरबाईला मी वीस सांगितले. वीसच सांग.)

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवत होते तर सासूबाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "माले बठ्ठं माहीत शे, पोरी. एरवी तू एकेका अक्षरले अडखयस. त्या दिन कशी सरसर वाचं!" मी रडले आणि भटारखान्याचं सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सत्काराच्या पंगतीचा आचारी पळाला, चारशे माणसांची वरण-बट्टी कोण करील म्हणून शालिग्राम डोकं धरून बसलाय. आणि माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

तेव्हा भाऊ, टेकडीचं काही बोलू नको. त्यांना इतकंच विचार, चारशेंची बट्टी होईल का. ते हो म्हणाले तर निरोप धाड, मी स्वतः नानाला खरं काय ते सांगते. भीती वाटतेच. अडखळत सांगेन, म्हणजे खरं वाटेल.