संध्याकाळच्या आत परत

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू सख्ख्या आईला वेडी म्हणालीस. "बाबांना धड जिना चढवत नाही आणि तू त्यांना भर उन्हाळ्यात गाडीत घालून दर आठवड्याला कुठे हिंडवतेस?" एवढं विचारलंस आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवून दिलास. ठेवलास ते बरंच झालं. बाबा शेजारीच बसले होते. पेपर वाचायचं सोंग चाललं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. आज शुक्रवार, ते वर मशीनवर आहेत. त्यांचं रक्त धुऊन होईपर्यंत चार तास जातात, तेवढ्यात इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसून तुला लिहितेय. टेबल डुगडुगतंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आधी सहलींचं सांगते, म्हणजे तुझा राग निम्म्यावर येईल. उरलेल्या निम्म्याचं पुढे बघू.

आमच्या सहली म्हणजे काही फार मोठा पराक्रम नाही. उजाडताच निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं, सावलीत सतरंजी टाकायची, डबा खायचा, पडायचं आणि संध्याकाळच्या आत परत. शहरापासून दीड तासापलीकडे जायचं नाही. वाटेत एखादं बरं इस्पितळ हवं. गाडी झाडाखाली लावता आली पाहिजे, आणि गाडीपासून सतरंजीपर्यंत बाबांना चालवेल इतपतच अंतर हवं. एवढ्या अटींत बसणारी ठिकाणं दोन-चार निघाली तर नशीब, असं मला वाटलं होतं. शोधायला लागले तर निघतच गेली. धरणाच्या भिंतीखाली एक बाग आहे, तिथे भर दुपारीही गार झुळूक येते. एक जुनी दगडाची खाण आहे, तिच्यात आता तळं साचलंय. छोट्या विमानांचा एक तळ आहे, त्याच्या कुंपणाबाहेर मोठी झाडं आहेत. तिथे बसलं की शिकाऊ वैमानिक उतरताना दिसतात, आणि त्यातला एखादा धाडकन आपटत उतरला की बाबांचा दिवस सोन्याचा होतो. शिवाय वाटेत लघवीला थांबायचा प्रश्न नाही. मूत्रपिंडं बंद पडल्याचा एवढाच एक फायदा, असं बाबा सांगतात, आणि तेही टोलनाक्यावरच्या माणसाला.

गाडी तुझीच, निळी. लग्नानंतर जाताना "विकून टाका" म्हणाली होतीस, ती मी विकली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मला शिकवायला एक काडीसारखी मुलगी यायची. पहिल्या परीक्षेत मी खांब पाडला, दुसऱ्या परीक्षेत तोच खांब वाचवला. पण खरी परीक्षा पुढेच होती गं. तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस शेजारी बसवून गाडी चालव, म्हणजे कळेल. पायाखाली ब्रेक नाही हे अजून त्यांच्या उजव्या पायाला पटलेलं नाही. "आता गिअर बदल" असं ते तोंडाने म्हणत नाहीत, पण असे खाकरतात की समोरच्या ट्रकवाल्यानेही गिअर बदलावा. तुझ्या लहानपणी आपण तिघं कधी असे बाहेर पडलो नाही. सगळ्या शहराला सहलीला नेऊन हा माणूस सुट्टीच्या दिवशी घरी यायचा तेव्हा त्याला चाक नजरेसमोरही नको असायचं. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे झालं काय, की हे सगळे रस्ते त्यांना पाठ आहेत आणि त्या रस्त्यांवर उतरून बसले मात्र ते कुठेच नाहीत.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते.

थंडी संपता संपता एका सोमवारी मी टॅक्सी बोलावली आणि आत बघते तर बाबा पलंगावर बसलेले. शर्ट घातलेला, बूट तसेच पायाशी. "आज जायचं नाही," म्हणाले. मला वाटलं, ताप आला. कपाळाला हात लावायला गेले तर तो हात बाजूला करून म्हणाले, "आज नाही, परवाही नाही. आता पुरे." रागाने नाही, त्राग्याने नाही. शेवटच्या थांब्यावर मागे वळून, "चला, उतरा," म्हणावं, तसं. एक दिवस मशीनचा, एक दिवस त्या थकव्याचा, मग पुन्हा मशीन, यात माझा दिवस कुठला, असं त्यांनी मला विचारलं. बंद केलं तर काय काय होतं, किती दिवसांत होतं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. मला न सांगता. "फार त्रास होऊ देत नाहीत म्हणे," असंही वर सांगितलं.

मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी माझी समजूत काढली असती आणि तिथेच विषय संपला असता. मी विचारलं, "भिंगरीला सांगितलंत?" तर म्हणे, "तू सांग." मी म्हटलं, "मी सांगणार नाही. तुमचा निर्णय, तुम्ही सांगा." तेव्हा मात्र त्यांनी खाली बुटांकडे बघितलं. मग मी म्हटलं, "हे बघा, मला एक उन्हाळा द्या. मशीनला तीन दिवस देता, मला आठवड्यातला एक द्या. त्या दिवशी मी नेईन तिथे यायचं. उन्हाळा संपला की तुम्ही म्हणाल ते. मी आडवी येणार नाही, आणि तिलाही येऊ देणार नाही." असं बोलून गेले खरी, पण माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवणार? तू?" मी म्हटलं, "मीच." तर म्हणाले, "मग मशीन बंद करायची गरजच नाही, तूच काय ते उरकशील." आणि वाकून बूट घातले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवून कंटाळला होता.

पहिली सहल बरी झाली. दुसरीत मात्र घोटाळा झाला, तोही तुला कळवला नव्हता. गाडी तापली म्हणून मी रस्त्याकडेला थांबवली आणि डबा घेऊन पाणी आणायला गेले. परत आले तर बाबा कलिंगडवालीच्या खुर्चीत राजासारखे बसलेले, हनुवटीवरून लाल ओघळ, आणि समोर अर्ध्या कलिंगडाची सालं. तुला ठाऊक आहे, त्यांना दिवसभरात मोजकंच पाणी, आणि कलिंगड तर विषासारखं. शरीराबाहेर जायला वाटच नाही ना! माझा चेहरा बघून ती बिचारी बाई म्हणाली, "ताई, पैसे नकोत, पण ओरडू नका त्यांना." संध्याकाळपर्यंत त्यांना धाप लागली, आडवं होता येईना, आणि आम्ही धावतपळत इथेच आलो. सिस्टर त्यांना एक शब्द बोलली नाही, मला मात्र तिने उभं-आडवं झापलं. "आणि रविवारी कशाला नेता? शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन, रविवारी पाणी सगळ्यात जास्त साठलेलं असतं. न्यायचं तर शनिवारी न्या!" एवढ्या शिव्यांत तेवढं एक वाक्य सोन्याचं होतं.

बाबा म्हणाले, "झाली ना हौस? आता घरीच बसू." मी सोमवारी सकाळी कामावर, चष्म्याच्या दुकानात गेले आणि मालकांना सांगितलं, यापुढे मी शनिवारी येणार नाही, रविवारी येऊन काचा घासून, बसवून ठेवेन. शनिवारी गिऱ्हाईक जास्त असतं, म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, चालत नसेल तर दुसरी बघा. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. त्यांनी स्वतःचाच चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि "बरं" म्हणाले.

त्या शनिवारी मी एक ठरवलं होतं. बाबांची छोटी बाटली असते ना, दिवसभराच्या पाण्याची, तसलीच एक माझ्यासाठी घेतली. म्हटलं, बाहेर असू तोवर त्यांना जेवढं तेवढंच मला. त्यांना काही सांगितलं नाही. आम्ही धरणाखालच्या बागेत बसलो होतो. अकरापर्यंत मी ठीक होते. जेवताना अंड्याचा बलक घशाखाली उतरेना. दुपारी जीभ टाळ्याला चिकटली, ओठांची सालं निघायला लागली आणि शेजारच्या नळाचा थेंब पडल्याचा आवाज मला इतका मोठा ऐकू यायला लागला की दुसरं काही सुचेना. तेव्हा मला कळलं, हा माणूस रोज कशाशी झगडतो ते. त्या कलिंगडाचा राग तिथेच गेला. बाबांच्या लक्षात आलं ते मी बोलताना अडखळले तेव्हा. त्यांनी माझी बाटली उचलून बघितली, स्वतःची बघितली, आणि असे भडकले, असे भडकले! "तुला काय झालंय? तुझी मूत्रपिंडं धडधाकट आहेत! ऊठ, नळावर जा, पाणी पी! गाडी चालवायचीय तुला!" माळी झारी टाकून बघत राहिला. मी उठले, नळाला तोंड लावलं आणि पोटभर प्यायले. ते शेजारी उभे राहून बघत होते आणि "अजून पी, अजून पी" म्हणत होते. भिंगरी, त्या आजाराने त्यांना जो गप्पपणा आला होता, त्यानंतर पहिल्यांदाच ते कुणासाठी तरी चिडले होते. मला ते ओरडणं इतकं गोड लागलं म्हणून सांगू!

परतताना ते एकदाही खाकरले नाहीत. पुढच्या शनिवारी खाणीच्या तळ्याकाठी बसलो होतो, तर एकाएकी म्हणाले, "तुझं वजन किती गं?" मला राग आला. या वयात हे काय विचारणं झालं! तर म्हणाले, "परवा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणतात, रक्तगट जुळतो, पण एवढ्या वजनाला आणि रक्तदाबाला ते हात लावणार नाहीत. कमी करावं लागेल."

माझं एक मूत्रपिंड घ्या, हे मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा, "घरात एक आजारी पुरे," म्हणून त्यांनी विषय जो मिटवला तो मिटवलाच. तू गेल्या वर्षी तुझं देऊ केलंस तेव्हा तर दोन दिवस जेवले नाहीत. "पोरीचं लेकरू अजून कडेवर आहे, तिच्याकडून घेण्यापेक्षा मी चालत्या बसमधून उडी टाकेन," असं म्हणाले होते. तू त्यावर रुसलीस. मला ते दिसत होतं, पण त्यांच्या मनातलं तुला फोडून सांगायची मुभा मला नव्हती. आणि आता तोच माणूस तळ्यात खडे टाकत माझं वजन विचारत होता. मी पदर खोचला आणि तळ्याला फेरी मारायला निघाले.

तेव्हापासून आमच्या सहली म्हणजे माझी कवायत आहे. ते सावलीत बसतात, बर्फाचा खडा चघळतात आणि मी तळ्याभोवती, नाहीतर विमानतळाच्या कुंपणालगत चालत असते. जवळून गेले की ओरडतात, "पाय उचला बाई, बस सुटेल!" आता शनिवारचं ठिकाणही तेच ठरवतात. सावली किती, वाट सपाट की चढाची, सगळं माझ्या चालण्याच्या हिशोबाने. माझे जुने ब्लाऊज अंगावर लोंबायला लागलेत. रक्तदाब ताळ्यावर आलाय.

या मंगळवारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, तपासण्या सगळ्या पार पडल्या, मी देऊ शकते. पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. म्हणून हे पत्र. मी तुला विचारत नाही, कळवतेय. तुझं देऊ केलेलं आम्ही विसरलो नाही, पण ते तुझ्यापाशीच राहू दे. भीती वाटते का म्हणशील, तर वाटते. टेबलावर आडवं पडायची दोघांनाही वाटते, आणि शस्त्रक्रिया म्हटली की डॉक्टरसुद्धा खात्री देत नाहीत. पण ज्या माणसाने बूट घालायचं नाकारलं होतं तो आता तारखेची वाट बघतोय, तेव्हा माझ्यापुरतं ठरलं. तू ये. रडायला नको, गाडी चालवायला ये. नंतर काही आठवडे मला चाकाला हात लावायची बंदी आहे आणि आम्हा दोघांना घरी कुणीतरी आणायला हवं. लेकराला आणि जावईबापूंनाही आण. बाबांच्या खाकरण्याकडे लक्ष द्यायचं नाही, एवढं आत्तापासून मनाशी ठरवून ठेव. हे वाचून तुला भांडायचं असेल तर भांड, मी ऐकून घेईन. फक्त शनिवारी फोन करू नकोस. शनिवारी आम्ही घरी नसतो.

तुझीच, तारखेपर्यंत तरी चाकामागे बसलेली,
आई