चंद्रीची गायम्हैस

१६ मार्च १९९७
चंद्री गाभण आहे. अमरसिंह डॉक्टरांनी आज तपासून पक्कं सांगितलं. म्हणजे प्रयोग यशस्वी. म्हैस माझी, वळू दोस्त आकारामचा, जर्सी. होईल ती गायम्हैस. दूध जर्सीइतकं, फॅट म्हशीचं.
सासरे शिवय्या मामा दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. पोल्ट्री बसली, ससे पळाले. हेही फसलं तर कोल्हापूर सोडून नेसरीला त्यांच्या किराणा दुकानात बसायचं. घरजावई. शब्द दिलाय. काळजी नाही.

१७ मार्च
डॉक्टरांना प्रयोग सांगितला. बराच वेळ चंद्रीऐवजी माझ्याकडेच बघत राहिले. म्हणाले, जर्सी आणि देशी गाय ही एकच प्रजाती, म्हणून संकर होतो. घोडा-गाढव जवळचे, म्हणून खेचर होतं. गाय-म्हशीचं जमतच नाही. गाईची गुणसूत्रं साठ, म्हशीची पन्नास.
मी म्हटलं, मग वासराची पंचावन्न.
डॉक्टर बॅग उचलून गेले. पटलं असणार.
वळूनं डिसेंबरात त्या दिवशी चंद्रीला हुंगलं आणि कडब्याकडं तोंड फिरवलं, हे खरं. पण मी गोठ्याचं दार ओढून आकारामबरोबर चहाला गेलो होतो. अशा वेळी तिथं उभं राहणं बरं नव्हे.

२ जून
डॉक्टरांचा नवा मुद्दा : खेचराला पिल्लं होत नाहीत. मी बायकोला, दानेश्वरीला, समजावलं की वंश नाही चालला तरी चालेल, आपल्याला फक्त दूध हवंय. ती भाकरी थापत म्हणाली, "व्याल्याबिगर दूध कुठनं येणार?"
यावर विचार करणार. उद्या.

१९ ऑगस्ट
तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं. दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत चंद्रीमागं गायम्हैस दिसेल. पिराजी म्हणाला, शिंगं आईच्या पार्टीची की बापाच्या, तेवढं ती रंगवायला रंग आणायच्या आधी सांग. हसू देत.
मोरपिसं आणि कवड्यांची माळ आणली. माळ लहान मापाची.

२८ सप्टेंबर
नऊ महिने होऊन गेले. गाईचा हिशेब संपला. चंद्री निवांत रवंथ करतेय. म्हशीला दहा लागतात. सरासरी साडेनऊ. येईलच.

१२ ऑक्टोबर
साडेनऊही गेले. झोप नाही, जेवण नाही. चंद्रीच्या पोटाला हात लावून विनवलं. सगळं जर्सी नको. एक तांबडा ठिपका पुरे. कानामागं असला तरी चालेल.

२३ ऑक्टोबर
व्याली. रेडकू. काळंभोर.
कानामागं तांबडा ठिपका सापडला. पुसल्यावर गेला.
दानेश्वरीला म्हटलं, आईचं रक्त जबर, बाप पार झाकला गेला. ती चुलीवर खरवस करत होती.
"झाकला न्हाय. त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन आलासा आणि झोपलासा. म्हस माजावर हुती. मी तिला उचगावला रेड्याकडं नेलती."
मग दहा महिने गप्प का, असं विचारलं.
"सांगितलं असतं तर दिवाळीआधी दुसरं कायतरी काढलं असतासा, मग नेसरीला कवा गेलो असतो? मला म्हायेरी अव्वाजवळ ऱ्हायचं हाय." मग वाटी पुढं केली. "खावा. ग्वाड झालाय."
खाल्ला.

पाडवा
मिरवणुकीत चंद्रीला पिराजीनं नेलं. मोरपिसं शोभली. लहान माळ खुंटीलाच. मी दार लावून आत बसलो.
शेजारच्या घरी मामांचा फोन आला. दुकान आठला उघडतं, आल्या आल्या साखरेचं पोतं फोडायचं. चंद्री आणि रेडकू टेंपोनं मागून येतील.
सोमवारी पहाटेची गडहिंग्लज गाडी, तिथून नेसरी. खिडकीची जागा दानेश्वरीनं आत्ताच मागून ठेवलीय.