बेटावरचे खांब

१२ नोव्हेंबर
समुद्रातले किल्ले, कोकणातले कडे, खडकाळ बेटं रंगवण्यात निम्मं आयुष्य घालवलं, आणि मनासारखी बेटं निघाली आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात! मणिबेलीकडे धरणाचं पाणी चढलं, डोंगर बुडाले, माथे तेवढे वर राहिले. नवलसिंगने बोटीतून मला अशाच एका माथ्यावर आणलं. मुक्काम त्याच्याच घरी. दुपारी मक्याची भाकरी नि उडदाची डाळ अशी हाणली की चित्र उद्यावर गेलं. घरी कळसाडीला, काजलला फोन केला. बायकोपेक्षा तुम्हाला दगड आवडतात, म्हणाली. अगदीच खोटं नाही.

१४ नोव्हेंबर
जागा झकास, पण ऐन मधोमध लाकडी खांब रोवलेत, वर माणसाचं तोंड कोरलेलं. गेलेल्या माणसांचे आहेत म्हणे. गाव बुडालं तेव्हा लोकांनी भांडीकुंडी सोडली, पण हे खांद्यावर वर आणले. नवं धान्य आधी त्यांना, मग घरात. असेल. हे चित्र ज्याने सांगितलंय त्या हॉटेलवाल्याला निर्मनुष्य बेट हवंय. नको ते गाळायचं, हा तर आमचा धंदाच. खांब गाळले, तिथे पाणी रंगवलं.

१६ नोव्हेंबर
नवलसिंगची चुलती भुरीबाई चित्र बघायला आली नि त्यात नवऱ्याचा खांब शोधत बसली. जागची हलेना. शेवटी कटकट नको म्हणून तो खांब चित्रात रंगवून दिला. म्हातारी हरखली. चित्रापुढे मूठभर नवी ज्वारी ठेवून, हात जोडून गेली. तिची पाठ वळताच मी खांबावर पुन्हा निळा रंग फासला.

१७ नोव्हेंबर
तिने पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात काही बोलली. नवलसिंगने मान खाली घालून मराठीत सांगितलं, "ती म्हणते, पाण्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं. तू त्याला जेवायला बसवून बुडवलं. आता ते सगळे खांबातले तुला बुडवतील."
रागाने अंग तापलं. माझं चित्र, मी काहीही करीन.

१९ नोव्हेंबर
नवलसिंग बोट घेऊन मला बेटावरून न्यायला आला. मी समोर उभा. हेमकांतभाऊ, हेमकांतभाऊ, अशा हाका मारत तो माझ्या अंगावरून पलीकडे बघत राहिला. मग गेला. दंड धरला होता मी त्याचा!
काजलला फोन लावला. "कोन बोली ऱ्हायना? काहीच ऐकू येत नही." मी ओरडत होतो.

२० नोव्हेंबर
पायांना ओल. टर्पेंटाइनचा वास. पायाची बोटं दिसत नाहीत. घासली. हाताला निळं लागलं.
भीती वाटतेय. फार.

२० दुपार
खांब परत देतो त्यांना. सुरीने निळा रंग खरवडला — खाली खांब नाही. खाली मी. टोपीसकट.

२१
चित्रातल्या माझ्या गुडघ्यांवर रंग चढतोय. इथेही. ब्रश दिसत नाही. आडवे, रुंद फटकारे — मी मारतो तसेच. घाई नाही त्यांना —
भुरीबाई समोर बसलीय. खांबांना भाकरी दाखवतेय. पाया पडतो म्हटलं, चुकलं म्हटलं — तिने ऐकलं. माझ्याकडे बघितलं, फक्त तिनेच — आणि हसली —
कंबर गेली. छाती —
काजल, मी इथेच आहे, बेटावरच, मधोमध —
उजवा हात उरलाय. तोवर नाव तरी. मी हेमकां