मागे बसणारीचं वजन

पेण, शनिवार सकाळ

प्रिय ऋत्विक,

'प्रिय' वाचून खूश होऊ नकोस. पत्राच्या वर काहीतरी लिहावं लागतं, आणि मला सुचलेले बाकीचे शब्द पोपटकाकांच्या हाती पाठवण्याजोगे नव्हते. ते स्पेअर पार्टचा टेम्पो घेऊन रोह्याला निघालेत, वाटेत वरसे गावात तुझ्या दाराशी थांबतील. रात्रपाळीचा आठवडा आज संपला म्हणजे तू झोपलेला असशील, तरी उठवून द्या म्हणून सांगितलंय. एवढंच आधी वाच, मग पुढचं वाच नाहीतर फाडून टाक. आज रात्री अपेक्षाला न्यायला येशील तेव्हा तिला त्या गाडीवर मागे बसवू नकोस. गुरुवारी मी तुझ्या हेडलाइटचा फोकस लावून दिला तो चुकीचा आहे. तू एकटा चालवशील तेव्हा काही कळणार नाही. ती मागे बसली की उजेड रस्ता सोडून वर जाईल, आणि नागोठण्यापुढच्या वळणांवर रस्त्यात बसलेली गुरं तुम्हाला अगदी जवळ गेल्यावरच दिसतील. तू कसाही मर, मला घेणंदेणं नाही. मागे ती असणार आहे.

फोन का नाही केला म्हणशील. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माझा नंबर ब्लॉक केलास, तो अजून तसाच आहे. आबांच्या फोनवरून करता आला असता, पण ते समोरच कार्बोरेटर उघडून बसलेत आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. शिवाय फोनवर तू 'बरं, बघतो' म्हणून कूस बदलली असतीस. तुझं 'बघतो' मी चार वर्षं ऐकलं. आईशी बोलून बघतो. दिवाळी होऊ दे, मग बघतो. कंपनीत पर्मनंट झालो की बघतो. मग एके दिवशी तुझ्या मावसभावाच्या स्टेटसवर तू कपाळाला कुंकू लावून पेढा खाताना दिसलास. मी तेव्हा एका म्हाताऱ्याच्या मोपेडचं पंक्चर काढत होते. ते पूर्ण काढलं, हवा भरली, त्यांना नमस्कार केला, आणि मग मागच्या मोरीत जाऊन ओकले. हे तुला कधी कळलं नाही, आता कळू दे.

आणि इतकं करून गुरुवारी दुपारी तू बायकोला घेऊन आमच्याच गॅरेजमध्ये येतोस. रोहा, नागोठणं, वडखळ, एवढ्या वाटेत एक मेकॅनिक मिळाला नाही तुला. 'हैबतराव नाहीत का?' म्हणालास. आबा जिते गावी बारशाला गेले होते. तर म्हणे, 'मग तुम्ही कराल का?' तुम्ही. मला आयुष्यात 'मने' सोडून दुसरी हाक मारली नाहीस, आणि बायकोसमोर मी 'तुम्ही' झाले. वर तिला ओळख करून दिलीस, की या हैबतरावांच्या कन्या, आपली जुनी ओळख, गाडीमुळे. माझ्या हातात बावीसचा पाना होता. तो खाली ठेवला हे तुझं नशीब.

तुझी तक्रार काय होती, तर पावसात घसरून पडल्यावर रोह्यात नवीन हेडलाइट बसवला, तेव्हापासून उजेड भलतीकडे पडतो आणि अपेक्षा मागे घाबरते. गणपतीचा सीझन सुरू झाला, तिचा इथला मूर्तींचा कारखाना आता रात्री दहापर्यंत चालणार, ती सकाळी रेल्वेने येणार आणि शनिवारपासून रोज रात्री तू तिला न्यायला येणार, हे सगळं तू माझ्यासमोर घडाघडा सांगितलंस. माझ्यासाठी तू पेणच्या स्टेशनापर्यंतही कधी वेळेवर आला नाहीस. असो.

आता फोकस कसा लावतात ते सांगते. तू आमच्या गॅरेजात तासन्‌तास बसायचास, पण भिंतीकडे तुझं कधी लक्ष नसायचं. मागच्या पांढऱ्या भिंतीवर आबांनी गेरूची आडवी रेघ मारलीय. भिंतीपासून दहा पावलांवर गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करायची, डबल स्टँडवर नाही. चाकांत हवा पुरी. शटर खाली ओढून अंधार करायचा, दिवा डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, आणि उजेडाची वरची कड रेघेखाली तीन बोटं आली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीवर रोज जेवढी माणसं बसतात तेवढी त्या वेळी बसलेली पाहिजेत. मागे वजन आलं की गाडीचं बूड बसतं, तोंड वर होतं, आणि तोंडाबरोबर उजेडही वर जातो. मग जवळचा रस्ता काळा, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत थेट झोत. तो वैतागून आपला झोत खाली घेत नाही, मग तुलाही दिसत नाही. तुझे मागचे शॉकॲब्सॉर्बर तर आधीच बसलेत, ते मी गुरुवारीच पाहिलं आणि मुद्दाम बोलले नाही. आबांचा नियम गॅरेजात शिरणाऱ्या कुणालाही पाठ आहे, 'मागचा बसल्याबिगर स्क्रूला हात लावायचा नाय.' एखादी बाई चारचौघांत गाडीवर बसायला लाजली तर आबा मागे वाळूचं पोतं ठेवतात, पण रिकाम्या सीटवर फोकस लावत नाहीत. ते पोतं कोपऱ्यात होतं. मी ते ओढलं नाही.

तुझी गाडी नवी होती तेव्हा पहिला फोकस आबांनीच लावला होता. तू पुढे बसलास आणि आबांनी मला हाक मारली, 'मने, तू बस गो मागं, वजनाला.' त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. मी बसले. आबा वाकून स्क्रू फिरवत होते आणि मी तुझ्या शर्टाच्या घड्या मोजत होते, हात कुठे ठेवू ते कळेना म्हणून. माझं तुझं तिथून सुरू झालं. त्यानंतर चार वर्षं त्या गाडीचा उजेड माझ्या वजनावर बेतलेला होता, हे तुझ्या डोक्यात कधी आलं नसेल.

तुझ्या बायकोबद्दल वाईट बोलायची माझी फार इच्छा होती, पण तिने सोय ठेवली नाही. स्टुलावर बसून चहा प्यायली, कप स्वतः विसळून ठेवला. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते म्हणाली. तिच्या नखांत काळा रंग गेलेला होता, माझ्या नखांत ग्रीस. तुझ्या आईला सुनेच्या नखांतलं ग्रीस नको होतं, म्हणून तर सगळं मोडलं. रंग चालतो वाटतं. तिने मला नकार दिला त्या दिवशी तू खाली बघत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला होतास. मला राग तुझ्या आईचा कमी आहे. तिने निदान तोंडावर सांगितलं.

काल संध्याकाळी मी अपेक्षाच्या कारखान्याजवळ जाऊन आले. वाटलं होतं तिलाच सांगावं, तुला तोंडही दाखवायला नको. ती मांडी घालून बसली होती, पुढ्यात हातभर मूर्ती, श्वास रोखून बुबुळ भरत होती. मी दारात उभी राहिले. तिने वर बघून ओळखीचं हसून 'या ना ताय, बसा' म्हटलं, आणि मी 'सहज आले होते' म्हणून परतले. तिला फोकस चुकलाय एवढं सांगून भागलं नसतं. कसा चुकला हे तिने विचारलं असतं, आणि मी तुझी कोण होते हे तू तिला सांगितलेलंच नाहीस.

एवढं वाचून तुला वाटेल की मनालीच्या हातून चूक झाली, विसरली बिचारी. मी विसरले नव्हते. तू सीटवर बसलास, मी स्क्रू ढिला केला, तेवढ्यात अपेक्षा स्टुलावरून उठली आणि म्हणाली, 'मी पन बसू ना मागं? माज्या वजनानं फरक पडंल.' तिचा भाऊ रिक्षा चालवतो, तिला ठाऊक होतं. पर्स काखेत मारून तिने सीटवर हातही ठेवला होता. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, 'गरज नाय, तुम्ही बसा निवांत.' मला ती त्या सीटवर बसलेली बघवली नसती, बाकी काही कारण नाही. फोकस लावून झाल्यावर स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपकाही दिला, काम बरोबर झाल्याची आमची खूण. रात्री आबांनी विचारलं, 'मागं कोण बसलं व्हतं?' मी म्हटलं, 'त्याची बायको.' त्यांनी मान हलवली आणि जेवायला बसले. आज संध्याकाळी सातला गाडी घेऊन एकटा ये, एकट्याला ती धोक्याची नाही. अपेक्षाला मी कारखान्यातून घेऊन येते. आबांसमोर तिला मागे बसवून फोकस लावीन. ती विचारणारच, की गुरुवारी मी बसत होते तेव्हा का नाही म्हणालात. मी तिला खरं ते सांगणार आहे, चार वर्षांसकट, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. त्यानंतर तिने तुझ्या मागे बसून घरी जायचं की शेवटच्या रेल्वेने, ते तिचं ती ठरवेल.

पूर्वी इथे 'तुझीच' लिहायचे.

मनाली