सतरा नंबरच्या फाटकाशी साहेब

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच घातला आहे. चालवून घे.) मी खुशाल आहे. तुझा खोकला कसा आहे? कसा आहे ते मला ठाऊक आहे, काल सकाळी रस्त्यावरून ऐकला, पण पत्रात विचारायची रीत असते. एकाच रस्त्यावर राहतो आपण, मी दोन नंबरात, तू सतरा नंबरात, आणि चार वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलंबिलं नाही. तुझी भावजय गेली तेव्हा तू म्हणालीस, मागची खोली रिकामी केली आहे, राहायला ये. मी म्हणालो, मी काही पत्ता न सापडून परत आलेलं पार्सल नाही, याच्याकडून त्याच्याकडे ढकलायला. तू दार लावून घेतलंस. असो. आज मी फक्त तक्रार करायला लिहितो आहे.

तक्रार साहेबांबद्दल आहे. साहेब म्हणजे कुत्रा. नात शिकायला परगावी गेली, वसतिगृहात कुत्रा चालत नाही, तर लेकाने मला न विचारता तो आणून माझ्या गळ्यात बांधला. बत्तीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेल्या माणसाच्या घरात कुत्रा! नोकरीत मला नऊ कुत्री चावली, त्यातलं एक दोनदा. पहिले दोन दिवस मी पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो आणि तो माझ्या खुर्चीत बसून माझ्याकडे असा काही बघत होता, की मला आमच्या जुन्या पोस्टमास्तरांची आठवण झाली. (तेच लोंबते गाल. काही न करता दमल्याची तीच मुद्रा.) तेव्हापासून मी त्यांना साहेब म्हणतो. नात आता रोज संध्याकाळी फोन करते. पूर्वी वाढदिवसाला करायची. पहिली दहा मिनिटं साहेबांशी बोलते, मग मला विचारते, आजोबा, तुम्ही काय जेवलात? पोरीशी रोज रोज खोटं बोलवत नाही, म्हणून हल्ली मी खरोखरच स्वयंपाक करतो.

तिसऱ्या दिवशी साहेबांना फिरवायला न्यावंच लागलं. आता माझ्या पायांना दुसरी चाल माहीतच नाही. जाताना सम नंबरची घरं, येताना विषम, बत्तीस वर्षं हेच बीट. चार नंबरच्या फाटकाशी पाय आपोआप थांबले आणि हात पत्रपेटीकडे गेला. हातात काहीच नाही! खिडकीतून दातांचे डॉक्टर बघत होते. (निवृत्त झाले, पण अजून माणसाच्या तोंडात बघूनच बोलतात.) रिकामा हात मागे घ्यायची मला इतकी लाज वाटली, की खिशातलं बिस्किट काढून साहेबांना दिलं, जणू त्यासाठीच थांबलो होतो. सहा नंबरला पुन्हा तेच. आठ नंबरला तेच. घरी येईपर्यंत अख्खा पुडा संपला आणि साहेबांची ठाम समजूत झाली, की फाटक म्हणजे बिस्किट. आता ते एकेका फाटकासमोर बसतात आणि आपला वाटा घेतल्याशिवाय उठत नाहीत. मी एका बिस्किटाचे चार तुकडे करतो.

एवढा वेळ कोणाच्या फाटकाशी उभं राहिलं की आतलं माणूस बाहेर येतंच. डॉक्टरांनी एक शर्ट दिला, एकवीस नंबरच्या शिवणवाल्या बाईंना द्या, तुम्ही तिकडेच चाललात ना, म्हणून. बाईंनी बेकरीवाल्याच्या आईसाठी गुडघ्याचं मलम दिलं. गेल्या मंगळवारी माझ्या पिशवीत दोन पुस्तकं, एक कात्री आणि कोणाचा तरी चष्मा होता. पिशवीचा पट्टा खांद्यावर जुन्याच जागी बसला आणि ताई, तुला म्हणून सांगतो, मला फार बरं वाटलं. तुझी भावजय गेल्यापासून मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलोच नव्हतो.

आता मुद्द्याचं. एकोणीस नंबर झालं की मी रस्ता ओलांडायला बघतो, म्हणजे पंधरा नंबरलाच परत या बाजूला यावं. का, ते तुला माहीत आहे. साहेबांना हे मंजूर नाही. बीटातलं एकही घर वगळायचं नाही हे माझ्याकडूनच शिकले, आता मलाच शिकवतात. तुझ्या फाटकासमोर बसतात, ओढलं तर आडवे होतात. रोज पंधरा मिनिटं मी तुझ्या दारावरची पाटी वाचत उभा असतो. (तुझा पडदा हलतो. वारा नसतो.) त्यात परवा जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबांचं वजन केलं, तर बावीसचे पंचवीस किलो झालेले. मला लहान मुलासारखं झापलं. पाव पाव बिस्किटांनी तीन किलो वाढत नाहीत. काल वाकून पाहिलं, तर तुझ्या फाटकाखालच्या फटीतून उकडलेलं अंडं बाहेर सरकवलेलं! सोललेलं, वर दोन तुकडे करून.

तरी माझ्या कुत्र्याला परस्पर खाऊ घालणं ताबडतोब बंद करावं, एवढंच कळवायचं होतं. लोभ असावा असं म्हणायची सोय मीच ठेवलेली नाही, तरी असावा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. अंडं ज्या बशीत होतं ती आईची निळ्या काठाची बशी आहे. मी लहानपणी रुसून जिन्याखाली बसायचो, तेव्हा तू याच बशीतून खाऊ सरकवायचीस. बोलायची नाहीस, नुसती सरकवायचीस. काल ती बघितली आणि पुढची घरं मला नीट दिसली नाहीत. ताई, ते पार्सलचं मी बोललो ते चुकलं. चार वर्षं चुकलं.

ता. क. दुसरा. राहायला येणार नाही. साहेबांना माझी खुर्ची मानवली आहे. पण आजोबांना चहाला कोणीच बोलावत नाही, असं नात काल फोनवर साहेबांना सांगत होती.

ता. क. तिसरा. (हे पेन्सिलीने, तुझ्या फाटकाच्या खांबावर कागद ठेवून.) तिकीट लावलेलं नाही, हातानेच पेटीत टाकतो आहे. साहेब आडवे झालेत आणि पंचवीस किलो मला एकट्याला उचलत नाहीत. बाहेर ये आणि एका बाजूने धर. उचलून कुठे न्यायचं ते तू ठरव. तुझं घर जवळ पडेल.