उदयसिंहाच्या कोटाचं माप

३ नोव्हेंबर
दिवाळीपासून वही उघडली नाही, उशिराबद्दल माफी. दोष संगणकाचा. नात निशिगंधा पुण्यात प्रोग्रॅम लिहिते. तिनं माझ्या शिलाईच्या दुकानातली सगळी मापं तिकडच्या संगणकात घातली. पण एक माप मागवलं की ते पुण्याहून यायला इतका वेळ लागतो की चहा गार होतो.

४ नोव्हेंबर
फोनवर तक्रार केली. म्हणाली, नेहमी लागणारी मापं दुकानातल्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत ठेवते. त्याला कॅशे म्हणतात. मूळ पुण्यात, इथं नुसती नक्कल. पण दर आठवड्याला नक्कल टाकून ताजी आणायची. मी म्हटलं, माणसाचं अंग म्हणजे काय भाजीपाला आहे? कायमची ठेव. ती नको म्हणत होती. शेवटी ठेवली.

८ नोव्हेंबर, सकाळी ७
नाव टाकलं की माप हजर! सातवी नापास माणसाला हे जमलं. संकल्प: आजपासून टेप गळ्यात घालायची नाही.

१३ नोव्हेंबर
अमरसिंह पाटलांच्या उदयसिंहाच्या लग्नाचा कोट आलाय. तीन पिढ्या हे घर आमच्याकडं शिवतं. कोट बिघडला तर सगळे रेडिमेडला जाणार. झोप नाही.
मेमरीत छाती अडतीस. काजं-बटणं करणारी लालबी म्हणाली, "मास्तर, परवा मी त्यांच्या घरी जाऊन माप घेतलंय की. बेचाळीस. मोबाईलवरनं पुण्याला घातलंय बी."
टेप ढिली धरली असेल. अडतीसवर कात्री चालवली.

१९ नोव्हेंबर
ट्रायलला बोलवा, असं लालबी दोनदा म्हणाली. ट्रायल म्हणजे स्वतःवर अविश्वास. कोट धाडला.

२० नोव्हेंबर
अमरसिंहांचा फोन. आवाज चढवला नाही, तेच लागलं. म्हणाले, "मास्तर, पोरगं आमचंच हाय, पण कोट त्याच्या धाकट्या भावाचा दिसतोय."
रेडिमेड घेतलाय. लग्नाला मात्र यायचंच, म्हणाले.
लालबीनं मोबाईलवर पुण्याचं माप दाखवलं. बेचाळीस. इथं अजून अडतीस. मग तिनं चहा दिला.

२१ नोव्हेंबर
निशिगंधाला मेसेज धाडला, उतरून ठेवतो:
चूक झाली असेल तर नेटची. लग्नाला घालायला मेमरीतल्या मापानं स्वतःसाठी सदरा शिवलाय. पोटावरची तीन बटणं लागत नाहीत. माझं माप कोणत्या सालचं आहे, लवकर कळव. उद्या साडेबाराच्या अक्षता आहेत.