अर्धी बशी

नेवासा, मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

डॉक्टरीणबाईंनी एवढं खूश व्हायचं कारणच नव्हतं. ह्यांच्या कंपवातावर त्या नवं औषध अजमावून बघतात. चहा पिताना बशीतून सांडला का, ते मी रोज वहीत लिहायचं. "सांडला नाही," असं मी लिहीत गेले. खोटं कुठंय? पण सुनेसमोर ह्यांची शोभा नको म्हणून बशी अर्धीच भरते, ते लिहिलं का मी?

आज वही वाचून बाई म्हणाल्या, "आजी, गुण येतोय. आता आणखी पेशंटना देऊ." हे कुजबुजले, "गप ऱ्हा, बाई लई खूश हायेत." आणि मी, जन्मात कधी नाही ती, गप राहिले. मेली लाज वाटते. त्या लोकांच्या बशा कोण अर्ध्या भरणार?

उद्या वही घेऊन परत जायचं. बाई विचारतील त्याचं उत्तर मीच देणार. ह्यांनी तोंड उघडायचं नाही.